‘परदेशी करार आपल्या कोर्टात चालत नाही’ म्हणणाऱ्यांना

आमच्या तालुक्यातल्या बचत गटांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. त्याचं म्हणणं असं: स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या ‘सीडॉ’ या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारतीय कोर्टात किंमत नाही, कारण संसदेने तसा कायदा केलेला नाही, तरी न्यायाधीश तो आपल्यावर लादतात, आणि फायदा होतो तो शहरातल्या शिकलेल्या बायकांचा. बायका हे वाचून ‘मग आपल्याला काय उपयोग’ म्हणतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

पहिलं म्हणणं अर्धं खरं आहे, त्यामुळेच ते पटतं. करारावर सही झाली की तो आपोआप देशाचा कायदा होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 253 खाली संसदेला तसा कायदा करता येतो, आणि तो होईपर्यंत नुसत्या कराराच्या आधारावर दावा लावता येत नाही. पण आपल्या राज्यघटनेतल्या समानतेचा अर्थ लावताना, किंवा कायद्यात पोकळी असताना, न्यायालय करार वाचतं. देशाच्या कायद्याशी तो विसंगत नसला म्हणजे झालं.

‘विशाखा’ या महिला संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात हेच झालं. राजस्थानातल्या भटेरी गावची साथिन, म्हणजे सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली गावपातळीवरची कार्यकर्ती, कामाचा भाग म्हणून बालविवाह थांबवायला गेली आणि 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामापायी बाईवर असा प्रसंग आला, तरी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात वेगळा कायदाच नव्हता. 13 ऑगस्ट 1997 रोजी सरन्यायाधीश वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. कृपाल यांनी सीडॉचं नोकरीतल्या समानतेबद्दलचं अनुच्छेद 11 समोर ठेवलं, मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती सर्वांवर बंधनकारक केली. त्या ‘होईपर्यंत’ला सोळा वर्षं लागली. मधल्या काळात तत्त्वं नीट पाळली जात नव्हती. 2012 मध्ये मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर न्यायालयाला राज्यांना पुन्हा खडसवावं लागलं. 2013 चा कायदा आला तेव्हा त्याच्या प्रास्ताविकात याच कराराचा उल्लेख आहे. तुमच्या कार्यालयातली अंतर्गत तक्रार समिती त्या कायद्यातून आली आहे.

आता ‘लादतात’. भारताने 1980 मध्ये स्वतः सही केली, 1993 मध्ये मान्यता दिली, आणि देतानाच जाहीर केलं की कुठल्याही समाजाच्या खासगी बाबतीत त्याच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हात घालणार नाही. न्यायालयंही जपूनच पाऊल टाकतात. अल्पवयीन हिंदू मुलाचे नैसर्गिक पालक कोण? कायदा म्हणतो, वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. मुलाच्या नावे रोखे घेताना आईची सही रिझर्व्ह बँकेने चालवून घेतली नाही, त्यावरून त्या आईचा, गीता हरिहरन यांचा, खटला उभा राहिला. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केलं नाही, सीडॉची आठवण ठेवून फक्त त्या एका शब्दाचा अर्थ लावला. वडील हयात असले तरी मुलाकडे लक्ष देत नसतील, तर ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे ‘त्यांच्या गैरहजेरीत’. एका शब्दाने लाखो आयांची सही ग्राह्य झाली. यात कोणावर काय लादलं गेलं?

माझी तक्रार तर उलटी आहे. मधु किश्वर खटल्यात, 1996 मध्ये, आताच्या झारखंडातल्या छोटानागपूरच्या आदिवासी स्त्रियांच्या वारसाहक्काचा प्रश्न होता. करार समोर असूनही न्यायाधीशांच्या बहुमताने, जमिनीचा वारसा पुरुषांनाच देणारी रूढी रद्द करायला नकार दिला. जमिनीवर पोट असलेल्या स्त्रियांना तिथून हुसकावता येणार नाही, एवढंच संरक्षण मिळालं. तिथे न्यायालय फार लवकर थांबलं असं मला आजही वाटतं.

राहिल्या शहरातल्या शिकलेल्या बायका. भटेरीची साथिन त्यातली नव्हती. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर बायकाही नव्हत्या. रस्त्यांच्या आणि बांधकामाच्या कामावर रोजंदारीने राबणाऱ्या त्या बायकांना कायम नोकरीवाल्यांसारखी बाळंतपणाची पगारी रजा मिळत नव्हती. पालिकेचं म्हणणं होतं की तो हक्क कायम कर्मचाऱ्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये ते नाकारलं आणि निकालात लिहिलं की सीडॉच्या अनुच्छेद 11 मधली तत्त्वं या बायकांच्या नोकरीच्या करारातच आहेत असं समजून तो वाचायचा, म्हणजे 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याचे सगळे फायदे त्यांना लगेच मिळतील.