संघ तिचा, तर प्रवासही तिचाच

आज दुपारी घरी आलेल्या पाहुण्यांसमोर माझ्या भाचीला जे ऐकावे लागले, त्यामुळे माझे मन अजून थाऱ्यावर आलेले नाही. तिने फुटबॉल प्रशिक्षकाचे 'डी' लायसन्स मिळवले आहे आणि बेंगळुरूच्या एका क्लबने मुलींच्या संघासाठी साहाय्यक प्रशिक्षक म्हणून तिला बोलावले आहे. त्यावर आमचे मोठे काका म्हणाले, "मुलींना फुटबॉलच शिकवायचाय ना, मग सोलापुरातच शिकव की. त्यासाठी परमुलखात कशाला?" काकांचे स्वतःचे मुलगे नोकरीसाठी परदेशात आहेत आणि त्याचे आम्हा सर्वांना कौतुक आहे. मग मुलीच्या बाबतीतच परमुलूख आडवा का येतो?

प्रशिक्षकाचे काम एका गावात बसून वाढत नाही. स्वीडनच्या पिया सुंदहागे यांचेच पाहा. लहानपणी मुलींचा संघ नव्हता, म्हणून त्या 'पेले'शी जुळणारे 'पेल्ले' हे मुलाचे नाव घेऊन मुलांच्या संघातून खेळल्या. पुढे १९८४ मध्ये स्वीडनने युरोपीय स्पर्धा जिंकली, तेव्हा अंतिम सामन्यातील निर्णायक पेनल्टी त्यांचीच होती. प्रशिक्षक म्हणून अमेरिकेच्या संघासमोर पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी गिटार घेऊन गाणे म्हटले. त्याच संघाने त्यांच्या हाताखाली २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. मायदेशी परतल्यावर त्यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच अमेरिकेला हरवले आणि स्वीडनला रौप्यपदक मिळवून दिले. २०१९ मध्ये त्या ब्राझीलला गेल्या. ज्या देशात १९४१ पासून १९७९ पर्यंत स्त्रियांना फुटबॉल खेळण्यास बंदी होती, त्या देशाचा संघ एका परदेशी स्त्रीच्या हाती आला, हे वाचताना आजही माझा ऊर भरून येतो.

आणि दर वेळी मला आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई आठवतात. पदर खोचून त्या पार्क मैदानावर आमच्याबरोबर धावायच्या आणि ऊन चढण्याआधी भिंतीवर चेंडू मारून मारून आमचे पाय तयार करून घ्यायच्या. आम्ही जिल्ह्यात जिंकलो आणि विभागीय सामन्यांसाठी बाहेरगावी जायची वेळ आली, तेव्हा बाईमाणसाने मुलींना घेऊन मुक्कामी जाणे बरे दिसत नाही, असे ठरवून शाळेने एका सरांना पाठवले. सरांनी एसटीत बसल्यावर आम्हाला आमची नावे विचारली. बाईंनी संघाची मांडणी एका कागदावर लिहून कप्तानाजवळ दिली होती. सरांनी तो कागद उघडलासुद्धा नाही. डावीकडे खेळणाऱ्या आमच्या मैत्रिणीला ती उंच आहे एवढ्याच कारणावरून गोलात उभे केले, आणि आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो.

पुरुष प्रशिक्षक वाईटच असतात, असे मी म्हणत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आशियाई चषकात प्रवेश मिळवला, तेव्हा प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री होते. ते श्रेय त्यांचे आहेच. पण २०२३ च्या महिला विश्वचषकात ३२ संघांपैकी केवळ १२ संघांच्या मुख्य प्रशिक्षक स्त्रिया होत्या. बाकीच्या देशांत जाणत्या स्त्रिया नव्हत्या, असे कोणी सांगितले तर मी ऐकून घेणार नाही. आमच्या बाईंना खेळ कळत नव्हता का? सराव बाईंनी घ्यायचा आणि सामन्याच्या दिवशी बाकावर मात्र दुसऱ्याने बसायचे, हाच प्रकार मोठ्या पातळीवरही चालत आला आहे.

त्याच विश्वचषकात पियाबाईंचा ब्राझील गटातच बाद झाला आणि त्यांचे पद गेले. तरीही स्वित्झर्लंडने त्यांना बोलावले आणि २०२५ मध्ये तो संघ प्रथमच युरोपीय स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला. हरल्यानंतरही दुसरा संघ मिळणे, यालाच मी कारकीर्द म्हणते. आमच्या बाईंना तर स्वतःच्या संघाबरोबर हरण्याचीही संधी मिळाली नाही. त्या पराभवानंतर पुढच्या वर्षी शाळेने मुलींचा संघच बंद केला आणि बाईंच्या हाती फक्त कवायत उरली.

पगार तुटपुंजा आहे आणि करार एका हंगामापुरताच आहे, हे काकांचे म्हणणे खोटे नाही, एवढे मान्य करते. त्यांच्या बोलण्यात काळजीही असेल, कारण ही मुलगी लहान असताना पार्कवर सरावाला तिला स्कूटरवरून सोडणारे तेच होते. म्हणूनच आजचे त्यांचे बोलणे मला अधिक लागले.

भाचीला सोमवारपर्यंत उत्तर कळवायचे आहे. ताई अजून घाबरलेली आहे, तिच्याशी मी आज रात्री बोलणार आहे. उद्यान एक्स्प्रेस सोलापूरहून थेट बेंगळुरूला जाते आणि पहिल्या खेपेस मी स्वतः तिच्यासोबत जाईन. तिथे राहणाऱ्या मित्रमैत्रिणींनी मुलींसाठी विश्वासाची खोली किंवा पीजी ठाऊक असल्यास मला जरूर कळवावे.