पो नशेत लिहायचा म्हणे! ज्याने ही गोष्ट पसरवली तो कोण होता ते आधी बघा

महिन्याभरात ही पोस्ट मला तीन ग्रुपवर आलीये. वर तो उदास डोळ्यांचा फोटो आणि खाली मजकूर : "एडगर ॲलन पो. अट्टल दारुडा, अफूबाज, आर्मीतून पळालेला. 'द रेव्हन' नशेत एका रात्रीत लिहिली. शेवटी पिऊन रस्त्यावर मेला. जीनियस असेच असतात." पो हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कवी आणि कथाकार, 'द रेव्हन' ही त्याची गाजलेली कविता. मला ती पोस्ट वाचून मनापासून वाईट वाटतं, कारण माणूस आयुष्यभर राबला आणि त्याच्या कामाचं सगळं क्रेडिट आपण बाटलीला देऊन मोकळे झालो.

आर्मीचं आधी सांगतो, ते सोपंय. १८२७ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, पो 'एडगर ए. पेरी' हे खोटं नाव लावून आणि वय २२ सांगून भरती झाला, दोन वर्षांच्या आत सार्जंट मेजर झाला आणि १८२९ मध्ये रीतसर डिस्चार्ज घेऊन बाहेर पडला. पुढे वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून १८३१ मध्ये त्याला काढलं, परेड, क्लास, चर्च सगळीकडे दांड्या मारल्या म्हणून, ते खरंय. पण पळालेला नाही.

मग पळाल्याची गोष्ट आली कुठून? रूफस ग्रिसवोल्डकडून. हे नाव त्या पोस्टमध्ये कधीच नसतं आणि सगळी मेख तिथेच आहे. ग्रिसवोल्डने अमेरिकन कवितांचं एक संकलन काढलं होतं, पोने त्यावर जाहीरपणे टीका केली, १८४२ मध्ये पोने 'ग्रॅहम्स मॅगझिन'चं संपादकपद सोडल्यावर त्याच खुर्चीत ग्रिसवोल्ड बसला, आणि दोघांचं कधी जमलंच नाही. पो गेला ७ ऑक्टोबर १८४९ ला. दोनच दिवसांत 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये 'लुडविग' या टोपणनावाने मृत्युलेख आला, की ही बातमी वाचून पुष्कळांना धक्का बसेल पण दुःख फार थोड्यांना होईल. लिहिणारा ग्रिसवोल्डच! आणि याच माणसाने पुढे पोचं साहित्य संपादित केलं, १८५० मध्ये त्याला चरित्र जोडलं, त्यात आर्मीतून पळाला वगैरे घातलं, वर पोच्या पत्रांत ग्रिसवोल्डचंच कौतुक करणारी वाक्यं घुसडली. पोचे चरित्रकार आर्थर हॉबसन क्विन यांनी १९४१ मध्ये मूळ पत्रं आणि छापलेली पत्रं शेजारीशेजारी ठेवली तेव्हा ही बनवाबनवी उघडी पडली. म्हणजे नव्वदएक वर्षं लोक एका वैऱ्याने लिहिलेलं चरित्र वाचत होते.

अफूचं बघू. पोच्या 'लिजिया' कथेतला निवेदक अफू घेतो, म्हणून लेखकही घेत असणार असं लोकांनी धरलं. त्याच्या इतर कथांतले निवेदक खून करतात, मग या हिशोबाने पोने खूनही केले असले पाहिजेत. टॉमस डन इंग्लिश हा स्वतः डॉक्टर आणि पोचा पक्का शत्रू, पण त्यानेही सांगून ठेवलंय की पोला अफूची सवय असल्याची लक्षणं त्याला कधी दिसली नाहीत. १८४८ मध्ये निराशेच्या भरात अफूचा अर्क घेतल्याचं पोने एका पत्रात लिहिलंय, ते मी लपवत नाही, पण त्यातच पोटाने तो बाहेर टाकला असंही आहे. रोज घेणाऱ्याचं हे वर्णन वाटत नाही.

दारू प्यायचा का? हो, प्यायचा. मधे बरेच महिने अजिबात नाही, मग एकदम, आणि एका ग्लासातच त्याचा तोल जायचा असं ओळखीचे लोक सांगतात. बायको व्हर्जिनियाला १८४२ मध्ये टीबी दिसला आणि ती जाईपर्यंत, १८४७ पर्यंत, दर वेळी आता गेली, आता वाचली असं चालू होतं. पोने एका पत्रात लिहिलंय की लोक माझ्या वेडाचा दोष दारूला देतात, खरं तर दारूचा दोष वेडाला द्यायला हवा. हे वाचल्यावर त्या दारूच्या पोस्टवर हार्ट कसे टाकवतात?

आणि नशेत लेखन? 'इव्हनिंग मिरर' या पेपरात त्याच्यासोबत काम केलेल्या संपादक विलिसने लिहिलंय की पो सकाळी नऊपासून पेपर छपाईला जाईपर्यंत टेबलाशी असायचा, वेळेवर आणि मन लावून. 'द रेव्हन' जानेवारी १८४५ मध्ये याच पेपरात आली, आणि त्यानंतरही तो त्यातले शब्द बदलत राहिला. ती आतल्या यमकांची वीण मोठ्याने वाचून बघा एकदा, एका रात्रीत होणारं काम नाही ते. साठाहून जास्त कथा, शिवाय ढीगभर परीक्षणं, आणि १८४१ मध्ये 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' या कथेतून डिटेक्टिव्ह कथेचा पायाच घातला, तोही तर्काच्या जोरावर चालणारा.

राहिला मृत्यू. ३ ऑक्टोबरला, बाल्टिमोरमध्ये मतदानाच्या दिवशी, तो एका गुत्त्यात बेशुद्धीच्या जवळ सापडला, अंगावर दुसऱ्याचेच कपडे. चार दिवसांनी तो हॉस्पिटलमध्ये वारला, रस्त्यावर नाही. पिऊन मेला ही गोष्ट लावून धरणारा डॉ. स्नॉडग्रास दारूबंदीचा प्रचारक, आणि हॉस्पिटलमधले डॉ. मोरन उलट सांगतात, तेही दर वेळी वेगळं. मेडिकल रेकॉर्ड उरलेलंच नाही. ऑगस्टमध्येच त्याने रिचमंडला दारू सोडण्याची शपथ घेतली होती. ८ तारखेला मोजक्या माणसांत त्याला पुरलं, आणि ज्या आत्याने त्याला मुलासारखं सांभाळलं, जी त्याची सासूही होती, तिला ही बातमी दुसऱ्या दिवशी कळली.