‘गावकरी’ यांना उत्तर, जरा लांबलेलं

‘गावकरी’ यांस,

गावाच्या मालकीची सौरऊर्जा आणि रोजगार यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “प्रकल्प उभा राहीपर्यंत चार महिने गडबड, मग एक वॉचमन आणि एक गवत कापणारा, बस्स. गायरान गेल्यावर शेळ्या कुठे चारायच्या? पुण्यात एसीत बसून गावाची स्वप्नं रंगवणं सोपं असतं, मॅडम. आणि ढुंडी आणंद जिल्ह्यात नाही.”

आधी चूक कबूल करते. लेखात दाखला दिलेलं गुजरातेतलं ढुंडी गाव खेडा जिल्ह्यात आहे. दुरुस्ती केली, आभार.

आता ते “पुण्यात एसीत बसून”. माझ्या घरी एसी नाही, हे जाहीर सांगायची वेळ यावी! माझे वडील वीज मंडळात लाइनमन होते. पावसाळ्यात रात्री दोनला दार वाजायचं, “डीओ उडालाय, चला.” डीओ म्हणजे खांबावरचा फ्यूज. ते खांद्यावर दोरी टाकून निघायचे आणि परत येईपर्यंत आई ओट्यावर बसून राहायची. रात्रपाळीची वीज म्हणजे काय, बॅटरीच्या उजेडात उसाला पाणी धरायला कोण जातं, पायाखाली काय निघतं, हे मला कुणी टोपणनावाने शिकवायला नको.

आणि माझा चुलतभाऊ. आयटीआय करून एका सौर प्रकल्पावर लागला, केबलला कनेक्टर बसवायच्या कामाला. दिवाळीत गेले तेव्हा त्याने करून दाखवलं. केबलची साल सोलायची, तारांवर पिन चढवायची, पक्कड दाबायची आणि मग प्रत्येक जोड हिसका देऊन बघायचा. जोड सैल राहिला की भर उन्हात तापून प्लास्टिक वितळतं. असा एक काळाठिक्कर पडलेला कनेक्टर तो खिशात बाळगायचा, नव्या पोरांना दाखवायला. काम संपलं आणि ठेकेदार दोन महिन्यांचा पगार बुडवून पसार झाला. (यातून आमचाच मुद्दा सिद्ध होतो, असं म्हणाल. म्हणा बापडे.) पण पुढचं ऐका. हात बसला होता, म्हणून आज तो आसपासच्या पाच-सहा गावांतले सौरपंप दुरुस्त करतो. बोअरच्या पाण्याने पॅनेल धुऊन वर क्षारांचे पांढरे डाग पाडून ठेवणाऱ्यांवर खेकसतो, आणि त्याचेही पैसे घेतो. तुमच्या हिशोबात हा वॉचमन की गवत कापणारा?

मुळात माझा लेख मालकीबद्दल होता. ढुंडीत सहा शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली, २०१६ पासून सौरपंपावर शेत भिजवून उरलेली वीज ते ग्रीडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, विकू लागले. तिथे पॅनेल पुसणारा हाच मालक. आपल्या महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने जाते, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, वर दरवर्षी ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीन वर्षं. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, ती मोठीच गोष्ट आहे. पण प्रकल्प गावाचा होत नाही, आणि मग माणसं ठेवायची किती, ती कुठली, हे कंपनी ठरवते. हे सगळं लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर पोचला होतात ना?

गायरानाचा विषय वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. एकाच प्रतिक्रियेत सगळं कोंबलं की उत्तर देणाऱ्याने तरी काय करायचं?

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त ते ‘मॅडम’ नको. माझं नाव वर लिहिलेलं आहे. तुमचं अजून कळलेलं नाही.