शिकाऊ सिस्टर

नर्सिंगला गेलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात इंजेक्शन द्यायला लागते, असा आमच्या आळीत समज आहे. प्रत्यक्षात सुरुवातीला आम्ही नुसती अंथरुणं घातली. चादरीचा कोपरा 45 अंशांत दुमडायचा. एक सुरकुती दिसली की ट्यूटर मॅडम अख्खी चादर उपसून पुन्हा घालायला लावत. शेजारच्या काकू विचारायच्या, "सुई टोचायला लागलीस का गं?" मी सांगायचे, "अजून गादीवरच आहोत."

मग लॅबमधला रबरी हात मिळाला. काय गुणाचा हात! नस जागच्या जागी, हलणं नाही, "आई गं" नाही. पट्टा बांधा, सुईचं तोंड वर, 15 ते 30 अंशांचा कोन, मागे लाल पाणी दिसलं की झालं. त्या हाताला नातेवाईकही नसतात. ही सोय किती मोठी आहे, ते वॉर्डात कळतं.

वॉर्डात कोपऱ्यातल्या कॉटवर डायबेटिसच्या आजी. सलाईन लावायचं होतं. आजींनी आधी माझा ड्रेस न्याहाळला.

"शिकाऊ का गं तू?"

खोटं बोलायचं नाही, ही आम्हाला शिकवण. "हो आजी, पण सिस्टर शेजारीच उभ्या आहेत."

"मग त्यांनाच टोचू दे की."

सिस्टर हसल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. मी ट्रेमधली गुलाबी सुई उचलते न उचलते तोच आजींचा मुलगा म्हणाला, "20 नंबर नको, निळी घ्या. 22 ची. नस बारीक आहे तिची." चार दवाखाने फिरलेला माणूस; त्याच्याशी वाद कोण घालणार? शिवाय बरोबरही होतं.

"डावा हात सोड," आजींचं सुरू, "तिथली कालच सुजलीय. कोपरापाशी नको, मला जेवायचंय. हां, इथं. हळू. रक्त आलं बघ मागं, आता पट्टा सोड!"

पट्टा मी सोडतच होते, पण ऐकतंय कोण.

चिकटपट्टी लावून मी प्रोसिजर बुक काढलं. ते भरल्याशिवाय परीक्षा नाही, परीक्षेशिवाय महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी नाही. सिस्टर सही करत होत्या.

"हे काय?"

"शिकवणाऱ्याची सही लागते, आजी."

आजींनी मोकळा हात पुढे केला. "अंगठा चालतो का?"