‘बीआय अ‍ॅडमिनची गरज संपली’ या दाव्याचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांपासून सांगली-मिरजेतील नवपदवीधरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश फिरत आहे. बिझनेस इंटेलिजन्स (बीआय), म्हणजे संस्थेचा डेटा रिपोर्टांत मांडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे काम म्हणजे पासवर्ड आणि परवानग्या देणे. आता आकडे एआय सांगते, देखभाल क्लाउडवर होते आणि उरलेले आठ दिवसांच्या कोर्समध्ये शिकता येते, तेव्हा या पदाच्या मागे लागू नका, असा त्याचा आशय आहे. मी साखर उद्योगातील एका संस्थेत गेली अनेक वर्षे हेच काम करते. होतकरू मुले असे संदेश वाचून आपली वाट ठरवतात, हे मला अस्वस्थ करते, म्हणून यातील प्रत्येक दाव्याला उत्तर देत आहे.

आकडे एआय सांगते, हा पहिला दावा. प्रश्न विचारला की उत्तर येते, हे खरे. पण ते बरोबर येण्यासाठी आधी कोणीतरी व्याख्या पक्की केलेली असावी लागते. समजा, पहिल्या दिवशी ४,००० टन उसाचे गाळप होऊन उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचे प्रमाण, १० टक्के पडला आणि दुसऱ्या दिवशी मिल बंद पडल्यामुळे १,००० टनच गाळप झाले, उतारा मात्र १२ टक्के पडला. या दोन्ही टक्केवारींची सरासरी ११ येते. प्रत्यक्षात ५,००० टन उसापासून ५२० टन साखर निघाली आहे, म्हणजे आजअखेर उतारा १०.४ टक्के आहे. शिवाय साखर हंगामाचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर आणि हिशेबाचे एप्रिल ते मार्च, त्यामुळे ‘यंदा’ या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. कोणते मॉडेल, म्हणजे डेटा आणि त्यावरील सूत्रांची मांडणी, प्रमाणित मानायचे, तो शिक्का मारण्याचा अधिकार कोणाला द्यायचा आणि जुनी चुकीची प्रत वापरातून कधी काढायची, ही व्यवस्था अ‍ॅडमिन लावतो आणि तिच्या आधाराशिवाय एआयचे उत्तर आत्मविश्वासाने दिलेली चूक ठरू शकते.

परवानग्या देणे हे किरकोळ काम आहे, हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या बीआय सॉफ्टवेअरमध्ये वर्कस्पेसच्या, म्हणजे रिपोर्ट ठेवण्याच्या सामायिक जागेच्या, चार भूमिका असतात : अ‍ॅडमिन, मेंबर, कंट्रिब्युटर आणि व्ह्यूअर. प्रत्येकाला आपल्यापुरत्याच ओळी दिसाव्यात म्हणून मॉडेलवर जी बंधने घालतात, ती फक्त व्ह्यूअरला लागू होतात. वरच्या तिन्ही भूमिकांना सर्व ओळी दिसतात. आमच्याकडे शेतकी विभागाच्या प्रत्येक गटाने आपल्याच गटातील ऊस उत्पादक पाहावेत, अशी बंधने नीट घातलेली होती. पुढे कोणीतरी सोयीसाठी गट कार्यालयांना कंट्रिब्युटर केले आणि प्रत्येक गटाला साऱ्या शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक व बिलांच्या रकमा दिसू लागल्या. पडद्यावर कुठलीही सूचना आली नव्हती. भूमिकांची यादी ओळीने तपासताना ती गोष्ट माझ्या लक्षात आली. ‘वेबवर प्रसिद्ध करा’ ही सोय तर याहून धोक्याची आहे, कारण तिच्यातून मिळणारी लिंक लॉगिन न करता जगात कोणालाही उघडता येते, आणि ती संस्थेपुरती बंद ठेवणे अ‍ॅडमिनच्याच हाती असते. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेच्या उपायांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्या कामातील चुकीची किंमत एवढी असू शकते, त्याला किरकोळ म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे.

आठ दिवसांच्या कोर्सबद्दल थोडक्यात लिहिते. बटणे कुठे आहेत, हे आठ दिवसांत कळते. एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा, नेटवर्क आणि फायरवॉल, लायसन्सचा हिशेब, वापराच्या नोंदी वाचणे आणि लेखापालापासून शेती अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना समजेल असे बोलणे, हे त्या मुदतीत येत नाही.

देखभाल क्लाउडवर होते, हा दावा अर्धाच खरा आहे. रिपोर्ट क्लाउडवर असला तरी वजनकाट्याचा आणि हिशेबाचा डेटा संस्थेच्या सर्व्हरवरच असतो, आणि दोहोंमधला पूल म्हणजे गेटवे, जो आपल्याच एखाद्या संगणकावर चालतो. तो बंद पडला की ठरलेले रिफ्रेश, म्हणजे नेमलेल्या वेळी ताजा डेटा आणणे, अयशस्वी होतात. लागोपाठ चार वेळा तसे झाले की पॉवर बीआय ते वेळापत्रकच थांबवते आणि मॉडेलच्या मालकाला ईमेल पाठवते. तो मालक नोकरी सोडून गेलेला असेल आणि दुसऱ्या कोणाचे नाव नोंदवलेले नसेल, तर ती सूचना कोणीच वाचत नाही, आणि डॅशबोर्ड जुनेच आकडे पूर्वीसारखे दाखवत राहतो. ऊस तुटून आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, देण्याचे बंधन असलेल्या उद्योगात थकबाकीचा आकडा चार दिवस शिळा असणे म्हणजे काय, हे ऊस घालणाऱ्या कोणत्याही घरात विचारावे. वेळेचाही घोळ असतो : क्लाउडवर ‘आज’ जागतिक प्रमाणवेळेनुसार ठरतो, त्यामुळे पहाटे ५ वाजता रिफ्रेश केलेल्या रिपोर्टात, ५:३० तासांचा फरक धरलेला नसेल, तर कालची तारीख येते.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात सांगलीतील आमचे नदीलगतचे कार्यालय पाण्याखाली गेले. डेटाच्या बॅकअपची प्रत बाहेर होती, ती वाचली. परंतु गेटवेचा संगणक तळमजल्यावर होता. नव्या संगणकावर तोच गेटवे पुन्हा उभा करण्यासाठी बसवतानाची रिकव्हरी की लागते. ज्यांनी तो बसवून दिला होता त्यांनी ती आमच्याकडे कधी सोपवलीच नव्हती, आणि हरवलेली की मायक्रोसॉफ्टकडूनही परत मिळत नाही. नवा गेटवे घालून प्रत्येक डेटास्रोत, त्याचा पासवर्ड आणि त्याला जोडलेले मॉडेल मी एकेक करून पुन्हा भरले, तेव्हा बाहेर रस्त्यावरचा गाळ उपसण्याचे काम चालू होते. नवी की त्याच दिवशी कागदावर लिहून दोन लिफाफ्यांत बंद केली. एक लिफाफा आमच्या तिजोरीत आहे आणि दुसरा मिरजेच्या कार्यालयात, वरच्या मजल्यावर.