मेलेला माणूस मेलेलाच राहू द्या की राव!

आले परत. 'सीआयडी' मालिकेतले एसीपी प्रद्युम्न परत आले! एप्रिल 2025 मध्ये स्फोटात मारलं, 1998 ते 2025 अशी सालं टाकून श्रद्धांजलीचा फोटो फिरवला (जन्मसाल म्हणून मालिकेचंच साल, म्हणजे एसीपी जन्मले तेच एसीपी होऊन), लोकं बिचारी खरंच हळहळली, त्यांच्या खुर्चीत पार्थ समथान या नटाला नवा एसीपी म्हणून आणून बसवलं. आन् थोड्याच दिवसांत प्रद्युम्न करणारे शिवाजी साटम हजर, हात हवेत फिरवत. इकडं गावात एखाद्याचं तेरावं झालं, सातबाऱ्यावर वारस लागले आन् मग तो माणूस एसटीतून उतरला, तर तलाठी चार कागद मागंल. हे लोक प्रेक्षकाला काहीच द्यायला तयार नाहीत. कारण म्हणून जे सांगितलं जातं ते ऐकून घ्यायचं आन् टाळ्या वाजवायच्या.

साटमांवर राग नाही, माणूस परत दिसला तर बरंच वाटतं. राग लिहिणाऱ्यांवर आहे. खुनाच्या मालिकेचा सगळा कारभार एकाच गोष्टीवर चालतो: मढं उठत नाही. म्हणून तर खुनी शोधायचा. तेच मढं टीआरपीसाठी उठायला लागलं तर पुढच्या भागात पडलेल्या प्रेताचं काय दुःख करायचं? डिसेंबर 2024 ला परत सुरू करतानाच हेच केलं होतं. एसीपींच्या हाताखालचा अभिजीत आपल्याच जोडीदारावर, दयावर, गोळी झाडतो, हेच जाहिरातीत दाखवून दाखवून जीव खाल्ला. दया जगला. जगणारच. बारावीतल्या पोराला पण माहीत होतं.

1998 च्या आसपासचे भाग काढून बघा. एक केस दोन-दोन आठवडे चालायची. आशुतोष गोवारीकर इन्स्पेक्टर होता तेव्हा. साक्षीदार खोटं बोलायचे, पोलीस चुकीच्या माणसाच्या मागं जायचे, परत यायचे. 2004 ला तर 111 मिनिटांचा भाग एका सलग शॉटमध्ये काढला, एक कट नाही. म्हणजे येत नव्हतं असं नाही. येत होतं, सोडून दिलं. नंतर एका भागात एक केस उरकायची सवय लागली. संशयित चार, त्यातला सगळ्यात ओळखीचा चेहरा म्हणजे खुनी. मधल्या काळात तर हवेल्या आन् भुतं पण येऊन गेली. दयाला दारं दिली तोडायला. कडी नुसती लोटलेली असली तरी तोडायची.

आन् ती लॅब! मालिकेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ साळुंखे डॉक्टर शवविच्छेदन पण करणार, विष पण ओळखणार, गोळी पण जुळवणार, डीएनए पण काढणार, तेही सगळे तिथं उभे असताना. निळं पाणी लाल झालं की विष सापडलं. इकडं 'व्हिसेरा राखून ठेवला' ही ओळ पेपरात वाचून वाचून पाठ झालेल्या लोकांना हे दाखवायलेत! व्हिसेरा म्हणजे विष तपासायला मढ्यातून काढलेले अवयव: जठर त्यातल्या अन्नासकट, आतड्याचा तुकडा, यकृताचा आन् मूत्रपिंडाचा भाग, रुंद तोंडाच्या बरणीत, मिठाच्या संपृक्त पाण्यात. फॉर्मलिन चालत नाही, त्यानं विष काढणं अवघड होतं. बरणी काठोकाठ भरायची नाही, वर जागा ठेवायची. लाखेचं सील, चिठ्ठी, आन् मग पोलीस शिपाई ती घेऊन संभाजीनगरच्या नाहीतर नांदेडच्या प्रयोगशाळेत. अहवाल यायला महिने. यातल्या लाखेच्या सीलचा एक शॉट दाखवा, पाया पडतो.

मृत्यूची वेळ? 'रात्री 11 ते 11.30'. वा! परभणीत मे महिन्यात हवाच 42 असली तर 37 चं मढं गार होईल कसं? ताठरपणा उन्हाळ्यात लवकर येतो, लवकर सुटतो. खरा डॉक्टर तासांचा पट्टा देतो, तोही हात राखून. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लागला की माणूस आडवा, खरं तर काही मिनिटं लागतात. मोबाईल लोकेशन थेट खोली दाखवतं. आमच्याकडं एका टॉवरखाली तीन वाड्या आन् दोन शिवारं येतात.

घरातले म्हणायलेत, एवढी अक्कल आहे तर ठाण्यात जाऊन पंच म्हणून सही करून या. हे मात्र बरोबर लागलं. पंच व्हायला कुणी तयार नसतं, कारण चार-पाच वर्षांनी कोर्टाचं समन्स येतं, तोवर चाकूची मूठ काळी होती की तपकिरी हे देवाला पण आठवत नाही. आपण लेक्चर देणार सोफ्यावरून, सहीची वेळ आली की शेतात पाणी द्यायचंय. आन् शिव्या देत देत प्रत्येक भाग बघितलाय हेही खरं, नाहीतर एवढं लिहिता आलं असतं का?

पण पंचनामा दाखवा ना! 1 जुलै 2024 ला नवा कायदा लागू झाला. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा असला तर न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर जाऊन पुरावा गोळा करायचा, त्याचं चित्रीकरण करायचं, असं त्यात लिहिलंय. टप्प्याटप्प्यानं का होईना, यायला लागलंय. मालिका परत आली त्याच वर्षीच्या डिसेंबरात. आयती सोय होती: साळुंखे डॉक्टरांना लॅबमधून बाहेर काढा, फिरू द्या शिवारात. ते नाही. बाँब फोडा.

आन् शेवट ठरलेला. एक थप्पड, आरोपी भडाभडा बोलतो, एसीपी तिथल्या तिथं फाशी सुनावतात. पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात शून्य. जुन्या पुरावा कायद्यात कलम 25 होतं, आता 23 आहे, अर्थ तोच. हातमोजे न घालता उचललेली सुरी, सील नाही, पंच नाही, वर थप्पड. खुनाच्या केसला 90 दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपी जामीन मागू शकतो, आन् या लोकांना कागद लिहिताना कुणी कधी बघितलंय? एवढ्या वर्षांत यांनी पकडलेले सगळे खुनी आत्ता बाहेर असतील, घरी बसून हीच मालिका बघायलेत.