बफर घेतलात ना? मग एकदाच सोडा!

आज तिसरा दिवस. लिनक्स कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये तोच इशारा: आधीच मोकळा असलेला बफर, म्हणजे डिस्कवरच्या ब्लॉकची मेमरीतली प्रत, पुन्हा मोकळा करायचा प्रयत्न. आणि कॉल ट्रेस (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं ती साखळी) बोट कुणाकडे दाखवतोय? अनमाउंटच्या (डिस्क सिस्टीमपासून सोडवायच्या) वेळी एलआरयू, म्हणजे नुकत्याच वापरलेल्या बफरची यादी, रिकामी करणाऱ्या कोडकडे. त्याचा काडीचा दोष नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी!

चोर बसलाय डिरेक्टरी वाचणाऱ्या फंक्शनमध्ये. लूपमध्ये ब्लॉक वाचला, काम झालं, बफर सोडला, पॉइंटर (बफरचा पत्ता) मात्र तसाच ठेवला. पुढच्या तपासणीत नोंदीची लांबी चुकीची निघाली की गोटूची उडी मारून थेट फंक्शनच्या शेवटच्या लेबलवर, आणि तिथे तोच बफर परत सोडला. सोडल्यावर पॉइंटर नल (रिकामा) केला असता तर विषय संपला होता, कारण बीरिलीजला, म्हणजे बफर सोडणाऱ्या फंक्शनला, नल चालतो. एक ओळ! एका ओळीचा एवढा कंटाळा?

बरं, चूक झाली तिथल्या तिथे ओरड होत नाही, हा खरा ताप. ब्लॉक वाचला की बफरवर एक रेफरन्स (‘मी वापरतोय’ अशी नोंद) आपला, एक एलआरयूचा. प्रत्येक सीपीयूची ही यादी १६ बफरची. तुम्ही दोनदा सोडलंत की रेफरन्सचा काउंट गुपचूप शून्यावर, म्हणजे एलआरयूचा वाटाही तुम्हीच खाल्लात. एलआरयू स्वतःचा सोडायला जाते तेव्हा इशारा फुटतो, तोवर तुमचं फंक्शन केव्हाच परतलेलं असतं. मधल्या वेळात मेमरीची ओढाताण झाली तर बफर खरोखरच फ्री होतो आणि एलआरयू त्या मेलेल्या पत्त्याला धरून बसते. हा कुणाच्या तरी डेटाशी खेळ आहे, कळतंय का?

गिटचा इतिहास (कोडमधल्या बदलांची नोंद) उकरला तर आणखी डोकं फिरलं. लेबलवरची बफर सोडणारी ती ओळ मेमरीची गळती बुजवायला आली होती! आधी एका वाटेवर बफर सुटतच नव्हता. काउंट शून्यावर येत नाही, म्हणून बफरचं पेज (मेमरीचा तुकडा) परत घेता येत नाही. गळती शोधणारं केमेमलीकही गप्प, कारण पेजकडे बफरचा पॉइंटर शाबूत असतो. १९७५च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये बफरच होते १५. तेवढे अडकवलेत की पुढचा ब्लॉक मागणारा झोपला तो झोपलाच, चूक लगेच तोंडावर आपटायची. आज गिगाबाइट्सच्या ढिगात ती महिनोन्महिने मुरते. बुजवणाऱ्याने निदान फंक्शन वरून खालपर्यंत वाचायचं होतं.

रिव्ह्यूमध्ये विचारलं, एरर पाथ (चूक आल्यावरची वाट) चालवून पाहिलात का? उत्तर आलं, ‘ती वाट कधी लागतच नाही.’ लागते हो! डिस्कवरचा एक ब्लॉक बिघडला की लागते, कुणी मोडकी डिस्क इमेज (डिस्कची फाइलमधली प्रत) माउंट केली की लागते. माझ्याकडे तीन दिवसांत चौदा वेळा लागलीये.